सशाला लागू पडलेला सल्ला

ससा आंधळा झालाय हे आम्हाला कूलरमुळे कळलं.

होळी झाली की मागच्या खोलीतला कूलर बाहेर काढायचा, हा आमच्या घरचा नेम. त्या वर्षीही नवरा शनिवारी बिलासपूरहून आला, त्याने जुनी खस काढून नवी भरली, पंपाला शिव्या दिल्या आणि कूलर मधल्या खोलीत, मामाजींच्या खाटेकडून आंगणात जायच्या वाटेवर उभा केला. मामाजी म्हणजे माझे सासरे. रविवारी सकाळी ससोबा नेहमीसारखा त्यांच्या खाटेखालून निघाला, आंगणाकडे धावला आणि कूलरच्या पत्र्यावर असा आदळला की मला स्वयंपाकघरात आवाज आला. मी बाहेर येऊन पाहिलं आणि हसले. म्हातारा चळला, असंही म्हणाले. ससोबा उठला, त्याने अंग झटकलं, आणि परत त्याच जागी, तेवढ्याच जोरात जाऊन आदळला.

मामाजींनी पेपर खाली ठेवला. "त्याले दिसून नाही राहिलं वं," ते म्हणाले.

मी खाली बसून त्याच्या डोळ्यांपुढे हात हलवला. नाक तेवढं हललं. दोन्ही डोळ्यांत भाताच्या पेजेसारखा पांढुरका पडदा होता, आणि तो काही एका दिवसात आलेला नव्हता. कधीपासून होता, कोण जाणे. सगळं घर त्याला पाठ होतं, म्हणून कोणाला पत्ता लागला नाही. ताटांच्या चळतीत एक ताट कमी असलं तर मला लांबून कळतं. मोलकरीण कोणता कोपरा झाडायचा सोडते ते मला ऑफिसात बसून सांगता येतं. आणि रोज पायाशी घोटाळणाऱ्या जनावराचे डोळे गेले ते मला कळलं नाही. नवरा कूलर सरकवायला लागला तेव्हा मी त्याच्यावरच ओरडले, की इथे वाटेत ठेवायची काय गरज होती. कोणावर तरी ओरडणं भाग होतं, आणि तो बिचारा आठवड्यातून एकदाच हाती लागतो.

खरं म्हणजे हा ससा आमचा नव्हताच. मी नोकरी करते ते मंत्रालय जुन्या रायपूर शहरात होतं तेव्हाची गोष्ट. आमच्या विभागातल्या एका साहेबांची बदली झाली आणि "दो-चार दिन रख लीजिए" म्हणून त्यांच्या पोरांचा ससा पिंजऱ्यासकट आमच्या तात्यापाऱ्यातल्या घरी आला. साहेब गेले ते गेलेच. ससा तेव्हा मुठीएवढा होता. माझ्या मुलाने त्याला वाढवला, मग मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि ससा मामाजींच्या वाट्याला आला. मामाजी मूळचे वर्ध्याकडचे, रेल्वेत गार्ड होते, रिटायर होऊन आमच्याकडे राहायला आलेले. रोज सकाळी पूजा करायचे आणि गणपतीवरच्या आदल्या दिवशीच्या दूर्वा सशाला घालायचे. "गणपतीचा उंदीरच हा. खाऊन खाऊन फुगला," असं म्हणायचे.

मामाजींच्या डोळ्यांबद्दल इथेच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांचीच बदनामी केली. त्या वयात ते चष्म्याशिवाय पेपर वाचत. शेजारपाजारच्या बायका सुईत दोरा ओवायला त्यांच्याकडे येत. दात गेले होते, गुडघे कुरकुरत होते, पण डोळ्यांचा त्यांना भारी अभिमान होता.

सशाला घेऊन मी जनावरांच्या दवाखान्यात गेले ती भाजीच्या पिशवीत घालून, वरून टॉवेल पांघरून. कोणी ओळखीचं भेटू नये हाच जप चालला होता. दवाखान्यात शेळ्या होत्या, एक वासरू होतं, आणि बाकावर माझ्या शेजारी कोंबडी घेऊन बसलेली एक बाई होती. तिने पिशवीकडे बोट दाखवून आत काय आहे म्हणून विचारलं. मी म्हणाले, सामान. तेवढ्यात सामानाने पाय आपटला. बाई हसली आणि मी उगाच पदर सावरत भिंतीवरचं पोस्टर वाचत बसले.

डॉक्टर भले होते. मोतीबिंदू आहे म्हणाले, आणि या वयात ऑपरेशन सोसणार नाही. मग त्यांनी मुद्द्याचं सांगितलं. "आँख की चिंता मत कीजिए, पेट की कीजिए. खरगोश का पेट रुकना नहीं चाहिए. चलता-फिरता रहे, खाता रहे, तो अभी जिएगा. कोने में बैठ गया और खाना छोड़ दिया, तो फिर हाथ में कुछ नहीं."

आणि तो कोपऱ्यातच बसला होता. कूलर आम्ही त्याच दिवशी मागे नेला होता, पण त्याचा आता जमिनीवर विश्वास राहिला नव्हता. मामाजींच्या खाटेखाली, अगदी भिंतीला चिकटून बसायचा. वाटी नाकाशी नेली तर कोथिंबिरीच्या दोन काड्या ओढायचा आणि तोंड फिरवायचा. हात लावायला गेलं की असा दचकायचा की डोकं खाटेच्या पट्टीवर आपटायचं. मुलाला फोन केला, तर तो नेहमीसारखा हिंदीत म्हणाला, "मम्मी, नेट पे लिखा है, अडजस्ट हो जाते हैं." कोणी कोणाशी अडजस्ट व्हायचं ते काही नेटवर लिहिलेलं नव्हतं.

माझा स्वभाव तापट आहे. हे मी कौतुकाने सांगत नाही. एका सकाळी बसची वेळ झालेली, डबा भरायचा राहिलेला, ससोबाने आदल्या संध्याकाळपासून तोंडात काही घेतलेलं नाही. मी खाटेखाली अर्धी घुसले आणि त्याला मानगुटीला धरून बाहेर ओढला. तो ओरडला. इतक्या वर्षांत मी त्याचा आवाज कधी ऐकला नव्हता. सशाला आवाज असतो हेच मला माहीत नव्हतं. लहान पोर रडावं तसा तो आवाज होता. मी हात सोडला, तो परत आत गेला. मामाजी दारात उभे होते. ते चपला घालून आंगणात कुंड्यांना पाणी घालायला गेले. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

मंत्रालय नव्या रायपूरला गेल्यापासून आमचं अर्धं आयुष्य स्टाफ बसमध्ये जात होतं. बसमध्ये माझ्या शेजारी एक दीदी बसायची. दुसऱ्या विभागातली, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, धमतरीकडची, अविवाहित. बोलायची कमी. आमची ओळख ऊन फार आहे आणि साहेबांचा मूड बरा नाही, यापलीकडे गेलेली नव्हती. त्या सकाळी माझे डोळे लाल होते. तिने विचारलं, "क्या हो गया?"

आता सरळ सांगायला काय हरकत होती? पण महिन्याभरापूर्वी आमच्याच बसमधल्या एका बाबूने कुत्रं आजारी म्हणून सुट्टी घेतली होती, तर अख्खी बस त्याला पाहून भुंकत होती. आणि सगळ्यांत जोरात मी हसले होते. तेव्हा मी माझ्या कानांनी ऐकलं की मी म्हणते आहे, "ससुरजी को दिखना बंद हो गया है."

वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, हे ऐकत मी लहानाची मोठी झाले. मनाची समजूत काढली की बस म्हणजे काही वास्तू नव्हे.

दीदीने मान खिडकीकडे वळवली. शहर मागे पडलं, ते रुंद, रिकामे रस्ते सुरू झाले, तरी ती बाहेरच पाहत होती. उतरताना तिने माझं मनगट धरलं. "मेरे बाबूजी को भी नहीं दिखता था," ती म्हणाली. "आख़िर के सालों में."

दुसऱ्या दिवसापासून ती सांगायला लागली. इतकी वर्षं शेजारी बसणारी ती न बोलणारी बाई, आणि आता बस सुटली की तिचं सुरू व्हायचं. "छूने से पहले बोलिए. हमेशा. पीछे से कभी हाथ मत लगाइए, आदमी डर जाता है." मी मान हलवायची. घरी आले की खाटेजवळ जमिनीवर बसायची, आधी हलक्या हाताने फरशी थोपटायची, मग "मी आले रे" म्हणायची, आणि मगच हात पुढे करायची. पहिल्या दिवशी तो दचकला. नंतर कधीतरी दचकायचा थांबला.

दीदी म्हणाली, घरातली एकही वस्तू हलवू नका, खाट तर नाहीच नाही. मी मोलकरणीला ताकीद दिली आणि तिने तोंड वाकडं केलं. दीदी म्हणाली, पाणी कायम एकाच जागी ठेवा, आणि मधे भरायलासुद्धा तो तांब्या उचलून नेऊ नका, जागेवरच भरा. मी सशाची वाटी जागेवर भरायला लागले. दीदी म्हणाली, जिथे वळायचं असेल तिथे पायाखाली काहीतरी वेगळं लागू द्या, पोतं टाका, सतरंजी टाका, पाय स्वतः ओळखतात. मी धान्याची रिकामी पोती धुऊन वाळवली आणि खाटेपासून वाटीपर्यंत आणि वाटीपासून आंगणाच्या दारापर्यंत अंथरली. वळणावर नारळाच्या काथ्याचं पायपुसणं टाकलं. घर गोडाऊनसारखं दिसायला लागलं. हळदीकुंकवाला येणाऱ्या आमच्या मराठी मंडळातल्या बायकांनी ते पाहिलं असतं तर वर्षभराचा विषय झाला असता. म्हणून त्या चैत्रात मी हळदीकुंकूच केलं नाही. तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं. एक खोटं बोललं की दुसरं बोलायला जीभ अडत नाही.

पण सगळ्यांत लागू पडलं ते वेगळंच. दीदी म्हणाली, "उनका हाथ आप मत पकड़िए. अपना हाथ आगे रखिए, उनको पकड़ने दीजिए." त्या संध्याकाळी मी तळहातावर लाल भाजीची, म्हणजे लाल माठाची, पानं ठेवून हात फरशीवर पसरला आणि नुसती बसून राहिले. धीर धरणं हे माझ्या स्वभावात नाही, पायांना मुंग्या आल्या, कुकरची शिट्टी झाली तरी उठले नाही. बऱ्याच वेळाने खाटेखालून एक नाक बाहेर आलं. हवेत फिरलं, पोत्यावर टेकलं, परत वर झालं. मग ससोबा पोत्यावरून एकेक पाऊल टाकत आला आणि माझ्या हातातली भाजी खाऊ लागला. सगळी खाल्ली. मिश्या माझ्या बोटांना लागत होत्या. मी रडले.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये दीदीने विचारलं, "बाबूजी कैसे हैं?" आणि मी तिला सगळं सांगितलं. आज स्वतःहून बाहेर आले, माझ्या हातून पोटभर जेवले. सांगताना मला झालेला आनंद खरा होता, त्यात एक कणही नाटक नव्हतं. दीदीचा चेहरा उजळला. "देखा?" ती म्हणाली. "देखा, मैं बोली थी ना?"

मग हे रोजचंच झालं. ससोबा पाण्यापर्यंत गेला, की बाबूजी पाण्यापर्यंत गेले. ससोबा वळणावर थांबून पायपुसणं हुंगतो, की बाबूजी वळणावर थांबतात, अंदाज घेतात. एकदा माझी जीभ घसरली आणि मी म्हणाले, आज फक्त कोथिंबीर खाल्ली. "खाली धनिया?" दीदी घाबरली. मी म्हणाले, चटणी, भातासोबत. पुढच्या सीटवरचा तो कुत्र्यावाला बाबू मागे वळून म्हणाला, "आजकल कौन इतना करता है ससुर के लिए? मराठी लोग हैं भाई, सीधे लोग." मला बसच्या फरशीत गडप व्हावंसं वाटलं.

लाज दोन्हीकडून होती. घरी आले की मामाजी चष्म्याशिवाय पेपर वाचत बसलेले दिसत, आणि माझ्या मनात येई, वास्तूने ऐकलं असेल तर? मी काहीतरी निमित्त काढून त्यांचे डोळे तपासायची. औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायला द्यायची. ते धडाधड वाचायचे. शेवटी एकदा म्हणाले, "तुलेच चष्मा लागला दिसते. काहून नाही घेऊन येत?"

वैशाखाच्या तोंडाशी ससोबा खाटेपासून आंगणाच्या दारापर्यंत यायला लागला होता. दाराच्या उंबऱ्याशी मात्र थांबायचा. पलीकडे त्याला नेणारं पोतं नव्हतं. पण पोट भरत होतं, लेंड्या पडत होत्या, आणि लेंड्या पाहून आनंद होणारी बाई मी त्या उन्हाळ्यात झाले. डॉक्टरांनी सांगितलेली भीती बरीच मागे पडली होती.

मग एका शुक्रवारी उतरताना दीदी म्हणाली, "इतवार को गोल बाज़ार जाना है. आपका घर तो वहीं पास में है. बाबूजी को देखने आऊँगी."

आजाऱ्याला पाहायला जाणं ही आमच्याकडे मोडता न येणारी रीत आहे. येऊ नका असं कोणी म्हणत नाही. घर लहान आहे म्हणाले, ती हसली. ऊन फार आहे म्हणाले, ती म्हणाली मी धमतरीची आहे. पाहुणे येणार आहेत म्हणाले. "तो क्या हुआ," दीदी म्हणाली, "मैं बाबूजी के पास दो मिनट बैठूँगी, बस."

शनिवारी दुपारी जेवताना मी मामाजींना सांगितलं. नवरा त्या आठवड्यात आलेला नव्हता, तेवढंच बरं. त्यांचा घास हातातच राहिला.

"मले आंधळा करून आली? ऑफिसात?"

"मामाजी, चुकलं माह्यं."

"मले दिसते का नाही दिसत, ते आता तुह्या बसमंदी ठरून राहिलं काय वं?" त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मीही दोन शब्द बोलले असते, आणि हलकी झाले असते. ते ताट सारून उठले. गणपतीसमोर जाऊन उभे राहिले, बराच वेळ. मग तिकडे तोंड करूनच म्हणाले, "येऊ दे तिले. बसतो मी डोये मिटून. तुह्या नोकरीच्या जाग्यावर तुही फजिती नको व्हायले."

याच्यापेक्षा त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं तर चाललं असतं. ज्या माणसाला डोळ्यांचा एवढा अभिमान, तो माझी लाज राखायला डोळे मिटून बसणार होता. नको म्हणायचं माझ्या ओठावर आलं होतं. पण मी नको म्हणाले नाही. कारण मला तेच हवं होतं.

दीदी रविवारी दुपारी आली. हातात मोसंब्यांची पिशवी, दुसऱ्या हातात गोल बाजारात घेतलेला स्टीलचा डबा. मामाजी खुर्चीत बसले होते, डोळे मिटून, हात मांडीवर. ससोबा खाटेखाली होता. मी तिला बसा म्हणणार तोच ती दारातच थांबली. तिने चपला काढल्या, मुद्दाम थोडा आवाज करून, आणि म्हणाली, "बाबूजी, मैं आई हूँ. आपकी बहू के साथ बस में जाती हूँ. अब अंदर आ रही हूँ. आपके दाहिने हाथ की तरफ़ बैठूँगी."

मग ती हळू आली, मामाजींच्या उजव्या बाजूला पोत्यावरच बसली, आणि तिने आपला हात त्यांच्या हाताजवळ नेऊन ठेवला. त्यांचा धरला नाही. नुसता ठेवला, त्यांनी धरावा म्हणून.

मामाजींनी आयुष्यभर मालगाड्यांचे दिवे पाहिले. नाटक त्यांना जमत नाही. त्यांनी डोळे उघडले आणि तिच्याकडे सरळ पाहिलं.

"बेटी," ते म्हणाले, "मुझे दिखता है. सब दिखता है. माफ़ करना."

दीदीला कळेना. ती माझ्याकडे पाहायला लागली. त्याच वेळी, आवाज ऐकून म्हणा की भूक लागली म्हणून म्हणा, ससोबा खाटेखालून निघाला. पोत्यावर पाय टेकत, नाक पुढे करत तो वळणापर्यंत आला, पायपुसण्यावर थांबला, वळला आणि वाटीपाशी जाऊन पाणी प्यायला.

"उसको नहीं दिखता," मामाजी म्हणाले.

दीदी सशाकडे पाहत होती. मग तिने पोत्यांकडे पाहिलं, वळणावरच्या पायपुसण्याकडे, वाटीकडे, माझ्याकडे. मी वाट पाहत होते की आता ही उठेल, मोसंबी तिथेच टाकेल आणि मला बोलेल. बोलायला हवंच होतं. मी तोंडातल्या तोंडात म्हणाले, "दीदी, मुझे शर्म आ रही थी बताने में."

तिने ते ऐकलं की नाही कोण जाणे. तिने पुढे होऊन पोत्याची कड हाताने चाचपून पाहिली, सरळ केली. "मैंने जैसा बोला था, वैसा ही बिछाया," ती म्हणाली. राग नव्हता त्यात. मग म्हणाली, "मेरे बाबूजी के लिए तो किसी ने कुछ नहीं बिछाया. मैंने भी नहीं. रोज़ गिरते थे, मैं रोज़ चिल्लाती थी, कि बैठे क्यों नहीं रहते. यह सब तो उनके जाने के बाद सूझा."

मामाजींनी मान खाली घातली. दीदी सशाकडेच पाहत होती. "बस में आपको बताती थी, तो लगता था कि अब कर रही हूँ," ती म्हणाली. "चलो, किसी के तो काम आया."

तेव्हा मला आठवलं की 'मी असं करायचे' असं ती कधीच म्हणाली नव्हती. 'ऐसा करिए' म्हणायची. करत असेल, हे मीच धरून चालले होते.

ती फार वेळ थांबली नाही. मामाजींनी मला तिच्यासाठी मोसंबी सोलायला सांगितलं, तर ती नको म्हणाली. चहाही नको म्हणाली. जाताना तिने मामाजींना वाकून नमस्कार केला. पहिल्यांदा घरी आलेली बाई, तिला मी काही हातात दिलं नाही, की फाटकापर्यंत सोडायला गेले नाही. मधल्या खोलीत खांबासारखी उभी होते. मामाजी मला म्हणाले, "जाय वं तिच्या मागं." मी गेले तोवर ती गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी झाली होती.

सोमवारी ती बसमध्ये माझ्या शेजारीच येऊन बसली. मला वाटलं होतं बसणार नाही. उन्हाचं बोलली, साहेबांचं बोलली. कुत्र्यावाल्या बाबूने मागे वळून विचारलं, तुमचे सासरे कसे आहेत, तर माझ्याआधी तीच म्हणाली, "ठीक हैं, अब ठीक हैं." माझी लाज तिनेही राखली. शहर मागे पडलं, रुंद रस्ते सुरू झाले, आणि मी वाट पाहत होते की ती विचारेल. तिने विचारलं नाही. कोणाबद्दल विचारणार होती? इतके आठवडे रोज सकाळी ज्या म्हाताऱ्याला ती माझ्या घरात हळूहळू चालायला शिकवत होती, जो पडत नव्हता, ज्याच्यावर कोणी ओरडत नव्हतं, तो तिच्यापुरता आदल्या दुपारी आमच्या मधल्या खोलीत संपला होता. वडील तिला दुसऱ्यांदा घालवावे लागले, आणि या खेपेला ते माझ्यामुळे. मी बस भुंकेल म्हणून घाबरले होते, त्यापायी.

त्या दिवशी सकाळी मी घरातून निघताना ससोबा पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आपला आपण आंगणात जाऊन बसला होता. ते मला तिलाच सांगायचं होतं, दुसऱ्या कोणाला नाही. पण कोणत्या तोंडाने सांगणार?